नाक्यावर अडलेली कट्यार

हळद लागली की आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही. झोपताना उशाशी, जेवताना मांडीवर, आणि जिथं माणूस एकटाच जातो तिथंही ती सोबत. दृष्ट लागू नये, वाटेत काही आडवं येऊ नये म्हणून. माझा मोठा भाऊ बँकेत नोकरीला आहे आणि त्याच्या हातात एरवी पेनसुद्धा टिकत नाही. दादाच्या हातात कट्यार पाहिली तेव्हा मला सगळ्यात जास्त काळजी लिंबाची वाटली.

पहिल्याच दिवशी त्यानं तिच्या मुठीनं पाठ खाजवली. होणाऱ्या बायकोला तो डाव्या हातानं मेसेज पाठवायचा, त्यात इतक्या चुका असायच्या की तिनं एकदा सरळ विचारलं, तुम्ही घेता का? दाढी करायला घरी आलेला न्हावी तर वस्तरा उघडून बराच वेळ त्याच्यासमोर नुसताच उभा राहिला. शेवटी म्हणाला, "दोघाच्याही हातात हत्यार हाय, भाऊ. पह्यले तुम्ही खाली करा." दादानं टोक जमिनीकडे केलं, तेव्हा कुठं गालाला साबण लागला.

आमच्या भावकीत कट्यार एकच आणि ती थोरल्या आत्याकडे असते. लाल कापडात गुंडाळून, पिठाच्या जुन्या डब्यात. कुणाकडे लग्न निघालं की आत्या डबा मांडीवर घेऊन एसटीनं त्या गावी जाते. कंडक्टरनं विचारलं तर देवाचं आहे म्हणून सांगते. इतकी वर्षं ती शस्त्र घेऊन जिल्हाभर हिंडते आहे, आणि हल्ली तर अर्ध्या तिकिटात. अर्थात त्या कट्यारीला शस्त्र म्हणणं हा शस्त्रांचा अपमान होता. गंज इतका, की लिंबू टोचलं जाण्याऐवजी चेपायचं. आमच्या एका चुलतभावाच्या लग्नात ते दोऱ्यानं बांधावं लागलं होतं.

आमच्या घरातलं हे पहिलंच लग्न, म्हणून बाबांना वाटलं की कट्यार जरा नीट दिसावी. यवतमाळला आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं गॅरेज आहे. दादाची पहिली सायकल, बाबांची स्कूटर, माझी स्कूटी, सगळ्यांचे दवाखाने तेच. लग्नाला त्यांचीच जीप ठरली होती. बाबांनी कट्यार त्यांच्याकडे दिली आणि चाचांनी ती आपला आहेर समजून मनापासून घासली. परत आली तेव्हा तिच्या पात्यात मला माझी टिकली दिसली. सगळे खूश झाले. फक्त आत्यानं धारेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "इतकी कायले केली? हे काही कापाले हाय काय?" त्या गडबडीत तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आत्याचं आणि या कट्यारीचं एक जुनं प्रकरण आहे. तिच्या स्वतःच्या लग्नात आतोबांकडे आमचीच कट्यार पाठवली होती. लग्नाला येताना ते वाटेत रसवंतीवर थांबले, रस पिताना कट्यार बाकावर ठेवली आणि विसरून पुढं निघाले. आठवल्यावर वऱ्हाड मागं फिरलं, कट्यार मिळाली, लग्न झालं. काही वर्षांनी आतोबा साध्या तापानं गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे आत्याला आमच्यापेक्षा जास्त चांगलं कळतं, ती शाळेत विज्ञान शिकवायची. पण तिला मूल नाही, आणि दादा लहानपणी आमच्यापेक्षा तिच्याकडेच जास्त राहिला. त्याच्या हातात कट्यार देताना ती हळूच म्हणाली, "खाली ठेवू नोको, बापा. माह्यासाठी." दादानं मान हलवली. त्यानंतर तो घरात तलवारबहाद्दरासारखा वावरला ते गंमत म्हणून नव्हे, हे मी पाहत होते.

मी करवली होते. करवलीचं काम म्हणजे पाण्यानं भरलेला, नारळ ठेवलेला तांब्या घेऊन नवरदेवाच्या मागं मागं राहायचं. याला आमच्याकडे करा म्हणतात. हे काम मला आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. मी कमी बोलते. नातेवाईक म्हणतात, इंग्रजी शाळेत घातलं म्हणून. खरं म्हणजे मी इंग्रजीतही कमीच बोलते. घरच्या कार्यात मला काही हवं असलं की मी आत्याच्या कानात सांगते आणि आत्या ते मांडवभर करते. "हिले चहा पाह्यजे, पण बिनसाखरेचा, अन लाजून राह्यली." अशा वेळी वाटतं, आपण स्वतःच बोललो असतो तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी मी पुन्हा आत्याच्याच कानाशी जाते.

लग्न उमरखेडच्या पलीकडच्या एका गावात होतं. बाबा, आई आणि बाकीचं वऱ्हाड ट्रॅव्हल्सनं पहाटेच पुढं गेलं. मागून जीप निघाली. चालवायला चाचा, त्यांच्या शेजारी आत्या, मागं काका, बाशिंग बांधलेला दादा आणि करा मांडीवर घेतलेली मी. निघायच्या आधी चाचांनी दादाला सांगितलं, "बेटा, हातातच ठेव. सीटच्या खाली नको, डिक्कीत तर नकोच नको." मला वाटलं, चाचापण आत्याच्याच पक्षाचे आहेत.

चाचांच्या जीपमध्ये जुन्या हिंदी गाण्यांचा टेप कायम चालू असतो. आर्णी गेलं, महागाव गेलं, काकांनी डब्यातला चिवडा संपवला. उमरखेड जवळ येत असताना एका फाट्याच्या बऱ्याच आधी चाचांनी टेप बंद केला. वळण संपल्यावर मला कळलं का ते. रस्त्यात लोखंडी अडथळे होते, बाजूला मंडप, आणि पोलीस प्रत्येक गाडी थांबवत होते. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, हे आम्ही लग्नाच्या नादात साफ विसरलो होतो. आमच्या घरी त्या महिन्यात आचारी हा शब्द जास्त चालला होता.

पोलिसांबरोबर एक व्हिडिओवालाही होता. प्रत्येक तपासणीचं चित्रण करायचं असा नियम. त्यानं कॅमेरा जीपच्या खिडकीला लावला तशी दादानं दोन दिवसांच्या सवयीनं बाशिंग सरळ केलं आणि हसला.

तिथले साहेब तरुण होते. बोलण्यावरून आमच्या भागातले नव्हते, मराठी अगदी पुस्तकातली. त्यांनी दादाच्या हाताकडे बोट केलं. "हे काय आहे?"

काका म्हणाले, "लिंबू."

साहेब हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, निवडणूक होईपर्यंत सार्वजनिक जागी धारदार शस्त्र बाळगायला बंदी आहे. काकांनी नवरदेव, हळद, दृष्ट हे सगळं समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बंदी पुन्हा सांगितली. तेवढ्यात एक शेतकरी मोटारसायकलच्या हँडलला विळा अडकवून आमच्या बाजूनं सरळ निघून गेला. काकांना जोर आला. त्याला कसं सोडलं? साहेब म्हणाले, ते शेतीचं अवजार आहे. शेतीची, घरकामाची, धंद्याची अवजारं चालतात.

"मंग आज याचा धंदाच नवरदेवाचा हाय," काका म्हणाले.

"एरवी काय करतात?"

"बँकेत हाय."

"बँकेत कट्यार लागते?"

दादा प्रामाणिक माणूस. म्हणाला, "नाही साहेब. स्टेपलर लागतो."

इतपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. साहेबांच्या ओठांच्या कडेला थोडं हसूही आलं असावं. मग त्यांनी कट्यार खरी आहे की शोभेची, हे पाहायला खिडकीतून हात घालून पात्यावर बोट ठेवलं. जुनी कट्यार असती तर बोटाला गंज लागला असता. ही चाचांनी घासलेली होती. साहेबांनी बोट मागं घेतलं तेव्हा त्यावर रक्ताची बारीक रेघ होती, आणि ती कॅमेऱ्यात आली.

"धार कोणी लावली?"

लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच काका गप्प बसले. आत्याही बोलली नाही. मी चाचांच्या हातांकडे पाहिलं. ते दोन्ही हात स्टीअरिंगवर, सगळ्यांना दिसतील असे, मघापासून तसेच ठेवलेले होते.

"मी लावली, साहेब," चाचा म्हणाले. "गॅरेज हाय माझं. लग्नाचं काम म्हणून लावली."

साहेबांनी त्यांना खाली उतरायला सांगितलं. डिक्की उघडली गेली. चाचांनी अवजारांची पेटी काढली, तिच्याखालून एक घडी केलेलं फडकं काढून रस्त्यावर अंथरलं आणि पाने, पक्कड, पेचकस, पत्रा कापायची कात्री असं एकेक त्यावर मांडत गेले. ते फडकं ग्रीस पुसायचं नव्हतं, स्वच्छ होतं. असं मांडून दाखवण्यासाठीच ते पेटीत ठेवलेलं होतं हे माझ्या लक्षात आलं, आणि निघतानाचं "डिक्कीत तर नकोच नको" हेसुद्धा. नाव काय, कुठले, कुठं चालले, यापूर्वी कधी काही झालं आहे का, असं त्यांना विचारलं गेलं. आम्हाला यातलं कुणी काही विचारलं नव्हतं, आणि कट्यार तर आमची होती. आत्या समोरच्या आरशातून मागं पाहत होती.

पेटीत पेटीतल्याच वस्तू निघाल्या. साहेबांनी चाचांना परत बसायला सांगितलं आणि निर्णय दिला. कट्यार इथं जमा करा, निवडणूक झाली की येऊन घेऊन जा. गुन्हा वगैरे नोंदवत नाही, लग्नाला जा. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर हा भलेपणाच होता. मुलीकडचे एकामागून एक फोन करत होते, मुहूर्त जवळ आला होता. पण दादाची मूठ सुटेना. तो आत्याकडे बघत होता आणि आत्या बोलत नव्हती. आमची आत्या गप्प बसणं ही आमच्या घरात भूकंपासारखी गोष्ट आहे.

शेवटी तिनं एवढंच म्हटलं, "लग्न लागू द्या साहेब, मंग खुशाल ठेवा. लग्नापह्यले याच्यापासून दूर नोको."

साहेब म्हणाले, "बाई, माझ्या नाक्यावरून हे यांच्या हातात पुढं गेलं तर मला उत्तर द्यावं लागेल." आणि कापलेलं बोट रुमालानं दाबून धरलं. तेही अडकले होते. कॅमेरा चालू होता.

मी तोपर्यंत करा सांभाळत त्या दोघांचं बोलणं मनात जुळवून पाहत होते. आत्याला कट्यार दादापासून दूर जायला नको होती. साहेबांना ती दादाच्या हातात नको होती. हे दोन्ही एकदम होऊ शकत होतं. मी पुढं वाकून आत्याच्या कानात सांगितलं. नेहमीप्रमाणे ती आता फाट्यावरच्या सगळ्यांना ऐकवेल असं मला वाटलं. पण आत्या मागं वळली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तूच सांग."

मला आठवतं, नारळ हलू नये म्हणून मी तो हनुवटीनं दाबून धरला होता. त्यामुळं माझं पहिलं वाक्य नारळालाच ऐकू गेलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "साहेब, कट्यार पोलिसांकडेच राहू द्या. फक्त एक पोलीस दादाच्या शेजारी बसू द्या. मांडवापर्यंत."

साहेबांना कळायला जरा वेळ लागला. मंडपाच्या सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या हवालदारांना लगेच कळलं, आणि ते असे हसले की त्यांची टोपी खाली पडली. त्यांची पाळी संपली होती आणि त्यांना उमरखेडकडेच जायचं होतं, कुणाच्या तरी गाडीची वाट पाहत होते. त्यांनी साहेबांना अदबीनं विचारलं, मी जाऊ काय ताबा घेऊन? साहेबांनी बोटाकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, बाशिंगाकडे पाहिलं. मग कॅमेऱ्यासमोर नीट शब्दांत सांगितलं की सदर कट्यार पोलीस कर्मचाऱ्याच्या ताब्यात राहील, कर्मचारी सोबत जाईल, आणि लग्नानंतर ती परत या नाक्यावर जमा होईल.

हवालदार दादाच्या शेजारी येऊन बसले. काकांना मागं डिक्कीतल्या फळीवर जावं लागलं. पण आत्याचं समाधान अजून झालं नव्हतं. हाताचा स्पर्श सुटत होता ना. तिनं डब्यातलं लाल कापड काढलं, एक टोक कट्यारीच्या मुठीला बांधलं आणि दुसरं दादाच्या मनगटाला. अशी बायकोच्या आधी दादाची पहिली गाठ हवालदारांशी बांधली गेली. साहेबांनी तिकडं न पाहिल्यासारखं केलं.

वाटेत हवालदारांनी आम्हाला सांगितलं की त्यांच्या लग्नात कट्यार नव्हती. "आमच्या घरी अडकित्ता होता. सुपारी कातरत कातरतच मांडवात गेलो. सासऱ्याले वाटलं, पोट्टा लय व्यसनी हाय." एवढं सांगून ते कट्यार उभी धरून झोपी गेले. पुढचा सगळा रस्ता दादानं त्या टोकावर नजर ठेवून काढला. गचका बसला की लिंबू त्याच्या बाशिंगाला लागून परत यायचं. चाचा दर खड्ड्याला जीप अशी उतरवत होते, जणू मागं अंडी भरली आहेत.

मुलीच्या दारी बँड वाजत होता. जीपचं दार उघडलं आणि आधी खाकी पाय बाहेर आला. मग कट्यार. मग तिला बांधलेला दादा. बँड एकेक वाद्य करून थांबला, शेवटी फक्त खुळखुळा वाजत राहिला. आरती घेऊन पुढं आलेल्या मुलीच्या वडिलांचा चेहरा मला अजून दिसतो. बायकांत एक म्हणत होती, पकडून आणला. दुसरी म्हणत होती, नाही वो, मोठी पोस्ट असन, पोलीस देला सोबत. जोडे पळवायला टपलेल्या नव्या मेहुण्या वर्दी पाहून मागच्या मागं पांगल्या, त्यामुळं आमच्या भावकीत फक्त दादाचेच जोडे जागेवर राहिले.

मांडवाच्या दारात हवालदार थांबले. वर आंब्याच्या डहाळीकडे पाहून म्हणाले, "सार्वजनिक जागा संपली, आता घरची लागली," आणि कट्यार दादाच्या हातात दिली. आत्यानं गाठ सोडली. मी शेजारी करा घेऊन उभी होते, म्हणून मला दिसलं, दादाची मूठ कट्यारीवर नीट बसेपर्यंत ती गाठ नुसतीच चाचपत होती. सगळ्यांना वाटलं गाठच घट्ट बसली आहे. अक्षता पडेपर्यंत ती दादाच्या उजव्या हाताकडेच बघत होती. लग्न लागलं तेव्हा तिनं नवरीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "पोट्टी गोड हाय." तोंडाला पदर लावून ती जरा वेळ मांडवाच्या खांबाशी उभी राहिली. मी तिच्याजवळ उभी राहिले. आम्ही दोघी काही बोललो नाही, आणि त्यातल्या एकीला ते नवीन होतं.

हवालदार पंगतीत पोटभर जेवले. साहेबांसाठी लाडूंचा पुडा बांधून घ्यायला त्यांनीच सांगितलं. कट्यार लाल कापडात गुंडाळून नाक्यावर जमा करा, मी साहेबाला फोन करतो, असं म्हणून ते उमरखेडच्या गाडीत बसले.

परतीला ऊन उतरलं होतं. मागं दादा, नवी वहिनी आणि मी. काका ट्रॅव्हल्सनं गेले, त्यांना म्हणे आता फळीची भीती बसली होती. निघताना चाचांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, कट्यार कुठं ठेवता?"

"माह्या मांडीवर," आत्या म्हणाली.

फाटा जवळ आला तसा चाचांनी टेप बंद केला. या वेळी आत्यानंही ते पाहिलं. जीप थांबते न थांबते तोच तिनं स्वतःहून काच खाली केली. सकाळचेच साहेब होते, बोटाला पट्टी. कुणी काही विचारायच्या आत आत्यानं लाल गुंडाळी पुढं केली.

"साहेब, कट्यार. माही हाय. डायवरची नाही अन नवरदेवाचीही नाही. धारही मीच लावाले सांगतली होती."

मी आत्याकडे बघितलं. चाचांनीही बघितलं. आत्यानं सरळ समोर पाहिलं. एक शिपाई सवयीनं डिक्कीकडे वळला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "नवरीच्या बॅगा हायेत त्यात. पाहाच्या असन त मी उतरून दाखवतो. भाऊले उतरवू नका, थे सकाळी उतरले."

साहेबांनी शिपायाला हातानं थांबवलं. लग्न झालं का, म्हणून विचारलं. वहिनीनं खाली मान घातली, दादा पुन्हा कॅमेऱ्याकडे पाहून हसला. कॅमेरा बंद होता. साहेबांनी गुंडाळी घेतली, टोकाचं चेपलेलं लिंबू काढलं आणि खिडकीतून आत्याच्या हातात परत दिलं. "हे बंदीत येत नाही," म्हणाले. आत्यानं त्यांच्या हातात लाडूंचा पुडा दिला आणि निवडणूक झाली की कट्यार न्यायला येईन, तोवर गंजू दिली तरी चालेल, असं सांगितलं.

अडथळे बाजूला झाले. वहिनीनं मला हळूच विचारलं, तुमच्याकडे नेहमी असंच असतं का? मी तिच्या कानात सांगितलं, नाही, एरवी कट्यार बोथट असते. चाचांनी दुसरा गिअर टाकला. मागं अजून साहेब पुडा उघडताना दिसत होते, शिपाई दिसत होता, आणि चाचांनी टेप लावला.